गाडीला ओरखडा, पोचा, फुटका बंपर: विम्याचा क्लेम करावा की खिशातून खर्च करावा?

चिऱ्यांच्या गडग्याला घासलेलं दार, फेरीबोटीच्या धक्क्यावर चढताना खरवडलेला बंपर, माडाखाली उभ्या गाडीच्या टपावर पडलेला नारळ. गोव्यात गाडीचं होणारं बरंचसं नुकसान असंच किरकोळ असतं, आणि ते झालं की पहिला फोन विमा प्रतिनिधीला येतो: "क्लेम करू का?" हे काम करताना मला सर्वाधिक विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं खाजगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीला धरून आहेत. तुमच्या पॉलिसीत एखादं कलम वेगळं असेल तर तेच लागू होईल, म्हणून पॉलिसी समोर ठेवूनच वाचा.

दरवर्षी हप्ता भरतो. मग नुकसान झाल्यावर क्लेम करताना विचार कसला करायचा?

विचार करायचा तो नो क्लेम बोनसचा. सगळे त्याला एनसीबी म्हणतात. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षं क्लेम नसेल तर २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे ती वाढत नाही. एक क्लेम मंजूर झाला की सूट थेट शून्यावर येते. क्लेम दोन हजारांचा असो वा दोन लाखांचा, परिणाम तोच.

ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरलेल्या हप्त्यावर, म्हणजे 'ओन डॅमेज' भागावर असते. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीसाठीचा हप्ता सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला तो वर्षाला ३,४१६ रुपये होता. क्लेम करा अथवा न करा, त्यात एनसीबीमुळे फरक पडत नाही.

एनसीबी गेली तर नेमके किती रुपये जातात?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. लोक फक्त पुढच्या वर्षीचा वाढीव हप्ता धरतात. पण शून्यावरून पुन्हा ५० टक्क्यांवर चढायला पाच वर्षं लागतात, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी तुम्ही थोडे थोडे जास्त पैसे भरत असता.

समजा सूट वजा करण्याआधीचा तुमचा ओन डॅमेज हप्ता १०,००० रुपये आहे आणि तुम्हाला ५० टक्के सूट मिळते, म्हणजे तुम्ही ५,००० भरता. क्लेमनंतर पहिल्या वर्षी पूर्ण १०,००० भरावे लागतील, म्हणजे ५,००० जास्त. दुसऱ्या वर्षी सूट २० टक्के, तेव्हा ३,००० जास्त. तिसऱ्या वर्षी २,५००, चौथ्या वर्षी १,५००, पाचव्या वर्षी ५००. बेरीज १२,५०० होते. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरला की १४,७५०. गाडी जुनी होते तशी तिची विमा किंमत आणि हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा काहीसा कमी येईल. मात्र मधल्या काळात दुसरा क्लेम होणार नाही, असंही यात धरलं आहे.

सध्या ज्यांची सूट कमी आहे त्यांचं नुकसानही कमी. याच १०,००० च्या हप्त्यावर जीएसटी सोडून हिशेब केला तर: आज ४५ टक्के असेल तर १२,५०० च, कारण पुढच्या वर्षी तुम्ही ५० वर जाणार होता. ३५ टक्के असेल तर १२,०००. २५ असेल तर १०,५००. २० असेल तर ८,०००. पहिल्याच वर्षीची नवी गाडी, अजून सूट सुरूच झालेली नाही, तर ५,०००.

तुमचा हप्ता १०,००० नसून ६,००० असेल तर सगळे आकडे त्याच प्रमाणात उतरवा. पॉलिसीच्या कागदावर ओन डॅमेजच्या रकान्यात एनसीबीची वजावट रुपयांत लिहिलेली असते, सुरुवात तिथून करा.

आणि कंपनी बिलातले किती देते?

पूर्ण बिल कधीच मिळत नाही. तीन ठिकाणी कात्री लागते.

एक, सक्तीची वजावट. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये तुमच्याकडून जातात. तुम्ही हप्ता कमी करण्यासाठी ऐच्छिक वजावट घेतली असेल तर तीही यात मिळवा. पुष्कळांना आपण ती घेतली आहे हे क्लेमच्या दिवशीच कळतं.

दोन, सुट्या भागांवरचा घसारा, म्हणजे वापराने उतरलेल्या किमतीची कपात. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के, गाडी नवीकोरी असली तरी. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के.

तीन, रंग. रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा धरतात. बिलात साहित्य आणि मजुरी एकत्र लिहिली असेल तर एकूण रंगकामाचा चौथा हिस्सा साहित्य मानतात. म्हणजे ८,००० च्या रंगकामात २,००० साहित्य आणि त्यातले १,००० तुमच्या माथी.

आता एक पूर्ण उदाहरण. १२०० सीसीची गाडी, मागचा बंपर फुटला, दार चेपलं. आकडे हिशेबासाठी धरले आहेत: बंपर ५,०००, रंगकाम ८,०००, डेंटिंगची मजुरी ३,०००, एकूण १६,०००. बंपरवर २,५०० घसारा, रंगावर १,०००, सक्तीची वजावट १,०००. कंपनी ११,५०० देईल, उरलेले ४,५०० तुमचे.

५० टक्के सूट असलेल्या माणसाने हा क्लेम केला तर ११,५०० मिळवून तो पुढच्या पाच वर्षांत १४,७५० घालवेल. त्याने खिशातून दुरुस्ती करावी. पहिल्या वर्षीच्या गाडीवाल्याचं नुकसान जीएसटीसह ५,९०० आहे, त्याने बेलाशक क्लेम करावा. बिल तेच, दार तेच, पण उत्तर उलट. म्हणूनच "मित्राने क्लेम केला, तूही कर" हा सल्ला ऐकू नका.

माझ्याकडे झिरो डेप आहे. मग तर क्लेम फायद्याचाच ना?

फायदा वाढतो, पण एनसीबी तशीच जाते. झिरो डेप म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण. वरच्या उदाहरणात ते असेल तर घसारा लागणार नाही आणि कंपनी १५,००० देईल. ५० टक्के सूटवाल्याला फायदा उरला अडीचशे रुपयांचा. तेवढ्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरची वाट पाहत बसायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय झिरो डेपखाली वर्षाला किती क्लेम चालतात यावर बऱ्याच पॉलिसींत मर्यादा असते, अनेकदा दोनच. पावसाळा तोंडावर असताना त्यातला एक किरकोळ बंपरसाठी खर्च करू नये, असं माझं मत आहे.

माझी पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची आहे.

मग स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी क्लेमच होत नाही. गॅरेजचा भाव काढा.

यंदा एक क्लेम आधीच झालाय. आता पुन्हा गाडी घासली. दुसरा क्लेम करू?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि विचारायला हवा. त्याच पॉलिसी वर्षातल्या पहिल्या क्लेमने पुढच्या नूतनीकरणाची सूट आधीच शून्य झालेली आहे, दुसऱ्या क्लेमने ती आणखी खाली जाणार नाही. त्यामुळे सक्तीची वजावट आणि घसारा सोडून जे हातात येईल तो तुमचा फायदा. दोन गोष्टी मात्र पाहा: झिरो डेपची मर्यादा संपली आहे का, आणि वारंवार क्लेम केल्याने कंपनी पुढच्या वर्षी मूळ हप्ताच वाढवेल का. ओन डॅमेजचा दर ठरवताना कंपन्या क्लेमचा इतिहास पाहतात.

मागचा जुना ओरखडा आणि आजचा पोचा एकाच क्लेममध्ये घालता येईल?

नाही. प्रत्येक घटना वेगळी, प्रत्येकीचा क्लेम आणि वजावट वेगळी. 'एकाच धडकेत झालं' असं लिहून दिलं तर ती खोटी माहिती ठरते आणि सगळाच क्लेम धोक्यात येतो. सर्व्हेअरला हे ओळखणं अवघडही नसतं. ओरखड्याची दिशा, जमिनीपासूनची उंची, समोरच्या गाडीचा रंग लागला आहे का, हे सगळं तो पाहतो. आपल्याकडे खाऱ्या हवेत उघडा पडलेला पत्रा लवकर तांबरतो, त्यामुळे जुनी जखम लगेच कळते. गॅरेजवाला 'घालूया हो, कोण बघतो' म्हणाला तरी सही तुमची असते, त्याची नव्हे.

चूक समोरच्याची होती. तरी माझी एनसीबी जाईल?

तुमच्या पॉलिसीवर क्लेम केलात तर जाईल. चूक कोणाची याच्याशी एनसीबीचा संबंध नाही, क्लेम दिला गेला का एवढंच पाहिलं जातं. मला हा नियम कडवट वाटतो, पण आहे तो असा आहे.

समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेची भरपाई मागता येते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. पंधरा हजारांच्या दारासाठी तिथे खेपा घालणं बहुतेकांना परवडत नाही. मग व्यवहार्य मार्ग एकच उरतो: जागेवर बोलून त्याच्याकडून दुरुस्तीचा खर्च घेणं. आधी दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे आणि जागेचे फोटो काढा. त्याचा परवाना आणि पॉलिसी यांचेही फोटो घ्या. पैसे यूपीआयने घ्या आणि कशाबद्दल मिळाले ते दोन ओळींत लिहून दोघांनीही जपून ठेवा. रस्त्यावर ठरलेली रक्कम गॅरेजमध्ये बंपर उघडल्यावर कमी पडते, म्हणून शक्य असेल तर एस्टिमेट काढूनच आकडा ठरवा.

समोरची गाडी भाड्याची असेल, म्हणजे काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असतील, तर चालवणाऱ्या पर्यटकाबरोबर गाडीच्या मालकालाही तिथूनच फोन लावायला सांगा. पर्यटक दोन दिवसांत विमान पकडून निघून जातो, मालक इथेच असतो.

कोणाला थोडंही लागलं असेल तर यातली कोणतीही तडजोड करत बसू नका. आधी दवाखाना आणि ११२ वर पोलीस. पैशांचं नंतर बघता येतं.

नारळ पडला, झाडाची फांदी पडली, रात्री रस्त्यावर जनावर आडवं आलं. हे विम्यात बसतं का?

बसतं. बाहेरून अचानक झालेला आघात, वादळ, पूर, दरड, कोणी मुद्दाम केलेली नासधूस, हे सगळं सर्वसमावेशक पॉलिसीत येतं. अंतर्गत जलमार्गाने गाडी नेत असताना झालेलं नुकसानही येतं, हे दिवाडी-चोडण बेटांवरच्या लोकांनी लक्षात ठेवावं. रायबंदरहून फेरीत गाडी चढवताना बंपर घासला तर तो क्लेमला पात्र आहे. तो करावा की नाही, हा प्रश्न पुन्हा वरच्याच हिशेबाचा.

टपावर नारळ पडला तर मात्र हिशेब नीट करा. टप बदलावा लागला किंवा पुढची काच त्याबरोबर गेली तर बिल झपाट्याने चढतं आणि बहुतेक वेळा क्लेमच योग्य ठरतो. ज्याच्या भाटातला माड असेल त्याच्याशी भांडण काढण्यापेक्षा ते बरं. नारळ उतरवणारा पाडेली येऊन गेला का, याची चौकशी करून गाडी लावावी, एवढं आपल्या हातात आहे.

दुरुस्ती न करता तसंच ठेवलं तर?

बंपरवरचा ओरखडा असेल तर ठेवा. बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही.

दार, फेंडर, बॉनेट किंवा टपाचं तसं नाही. ओरखड्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकत नसेल तर वरचा थर तेवढा गेला आहे, रबिंग-पॉलिशने बरंच निघून जातं आणि क्लेमचा विचारही करू नये. नख अडकत असेल आणि आत पत्रा चकाकत असेल तर त्याला वेळ देऊ नका. कळंगुट-बागा, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या भागात आणि जूनपासूनच्या पावसात उघड्या पत्र्याला गंज लागायला फार दिवस लागत नाहीत. आणि गंज ही झीज मानली जाते, ती कोणतीही पॉलिसी भरून देत नाही. पैसे जुळेपर्यंत निदान टच-अप रंगाचा हात तरी मारून घ्या.

दुसरंही एक कारण आहे. न दुरुस्त केलेल्या भागाला पुढे मोठी धडक बसली तर सर्व्हेअर आधीचं नुकसान वजा करू शकतो. चेपलेलं दार वर्षभर तसंच ठेवलं आणि मग ट्रकने तेच दार फाडलं, तर वाद होणारच. आज दुरुस्ती केली तर बिल आणि आधी-नंतरचे फोटो जपून ठेवा.

नुकसान खरंच किरकोळ आहे हे कसं ओळखायचं?

बाहेरून पाहून ओळखता येत नाही, हेच खरं. प्लास्टिकचा बंपर आत दबून पुन्हा मूळ आकारात येतो आणि आतला लोखंडी बार, पार्किंग सेन्सर किंवा हेडलाइटची कडी तुटलेली असते. म्हणून 'क्लेम नको' असं ठरवण्याआधी गॅरेजमध्ये बंपर सोडवून पाहायला सांगा. चाकाजवळ मार बसला असेल तर अलाइनमेंट तपासा, दार उघडताना आवाज येतो का पाहा, डिकी दोन्ही बाजूंनी सारखी बसते का पाहा.

एस्टिमेट दोन ठिकाणचं घ्या: एक कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचं, एक ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं. वर्कशॉपवाले बंपर बदलायलाच सांगतात, बाहेरचा कारागीर तोच बंपर प्लास्टिक वेल्डिंग करून चांगला बसवून देतो. रंग न फुटलेला पोचा असेल तर रंगकामाशिवाय डेंट काढणारे कारागीर शोधा. काम स्वस्त होतं आणि मूळ रंग टिकतो, जो विकताना उपयोगी पडतो. मोठं काम असेल, एअरबॅग किंवा चासीचा प्रश्न असेल, तर मात्र अधिकृत वर्कशॉप सोडू नका.

फक्त पुढची काच तडकली आहे.

काचेवर घसारा नाही, त्यामुळे वजावट सोडून जवळजवळ पूर्ण रक्कम मिळते. एनसीबी मात्र जाऊ शकते. केवळ काचेच्या क्लेमला एनसीबी न तोडण्याची सवलत काही पॉलिसींत असते, ती तुमच्यात आहे का हे आधी लेखी विचारा. ट्रकच्या मागून जाताना उडालेल्या खड्याने नाण्याएवढी किंवा त्याहून लहान खूण पडली असेल तर रेझिन भरून दुरुस्ती होते. तडा पसरण्याआधी ती करून घेतली की क्लेमची गरजच उरत नाही.

कंपनीला कळवून बसलो. आता विचार बदलला तर?

सर्व्हे झाला असला तरी, पैसे दिले गेले नसतील तर क्लेम मागे घेता येतो. रक्कमच दिली नाही तेव्हा सहसा एनसीबी शाबूत राहते. पण फोनवरच्या होकारावर विसंबू नका. क्लेम शून्य रकमेवर बंद झाल्याचा ईमेल मिळवा आणि नूतनीकरणाच्या वेळी तो हाताशी ठेवा.

यातूनच एक सोयीची वाट निघते. नुकसान मोठं आहे की लहान याची खात्री नसेल तर आधी कळवून ठेवा, एस्टिमेट पाहा आणि मग ठरवा. उलट आधी गाडी दुरुस्त करून मग क्लेम मागायला गेलात तर सर्व्हेअरला पाहायला काहीच उरत नाही.

किती दिवसांत कळवायचं?

शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. चवथीच्या गडबडीत चार दिवस गेले तर खरं कारण लेखी सांगा. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम सरसकट नाकारू नये, अशी विमा नियामकाची कंपन्यांना सूचना आहे. पण तिच्यावर भिस्त ठेवून महिनाभर थांबू नका.

गाडी भावाने चालवली होती. किंवा हंगामात पर्यटकांना दिली होती.

भावाकडे वैध परवाना असेल आणि तो प्यायलेला नसेल तर अडचण नाही.

खाजगी प्लेटची गाडी पैसे घेऊन पर्यटकांना दिली असेल तर क्लेम नाकारला जाऊ शकतो, कारण पॉलिसी खाजगी वापराची आहे. डिसेंबरच्या गर्दीत हे सर्रास चालतं आणि बंपरचं नुकसान त्यातलं सर्वांत लहान आहे. कोणी दगावलं तर मालकाचं घर विकायची वेळ येऊ शकते. ही गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

मासळी किंवा भाजी वाहणारा टेंपो, पिकअप असेल तर आणखी एक तपासा. मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत बंपर, दिवे, मडगार्ड आणि रंगकाम यांचं नुकसान जादा हप्ता भरून आयएमटी-२३ हे कलम घेतल्याशिवाय सहसा येत नाही.

कंपनी बदलताना आधीचा क्लेम सांगितला नाही तर?

नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते. खोटी एनसीबी उघडी पडली तर पुढचा, कदाचित फार मोठा क्लेम अडतो किंवा कापला जातो.

पुढच्या वर्षी गाडी विकून नवी घेणार आहे. मग एनसीबीची काळजी कशाला?

उलट तुम्हीच जास्त काळजी करा. एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते, आणि नव्या गाडीवर नेता येते. नवी गाडी महाग असेल तर तिचा ओन डॅमेज हप्ताही मोठा. त्यावरची ५० टक्के सूट आजच्या जुन्या गाडीवरच्या सूटीच्या कितीतरी पट असते. जुन्या गाडीच्या दहा हजारांच्या रंगकामासाठी ती घालवू नका. गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर क्लेम न करताही सूट जाते, हे विसरू नका.

एनसीबी प्रोटेक्ट घ्यावं का?

हे क्लेम झाला तरी सूट टिकवणारं जादा संरक्षण. ३५ टक्के किंवा वर पोचला असाल आणि रोज पणजी किंवा मडगावच्या गर्दीत गाडी लावत असाल तर घ्या. किती क्लेमपर्यंत संरक्षण आहे ते वाचून घ्या. सूट अजून २० टक्केच असेल तर त्याचे पैसे वाचवा. आणि लहान दुरुस्त्या खिशातूनच करायच्या हे ज्यांचं पक्कं आहे, त्यांनी २,५०० किंवा ५,००० ची ऐच्छिक वजावट घेऊन हप्ता कमी होतो का हे विचारून पाहावं.

सर्व्हेअरने बंपर बदलायचा सोडून दुरुस्तीच मंजूर केली. काय करू?

काम सुरू होण्याआधी हरकत घ्या, नंतर नाही. बंपर कुठे फाटला, कुठली कडी तुटली याचे जवळून फोटो काढा आणि गॅरेजकडून दुरुस्ती का टिकणार नाही ते लेखी घेऊन सर्व्हेअरला पाठवा. बंपर उघडल्यावर नवं काही सापडलं तर पुन्हा पाहणीची मागणी करा. तरीही पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घेतल्याशिवाय तक्रार लिहायला बसू नका, कारण कुठल्या ओळीत किती कापलं ते त्याच कागदावर असतं.